जावईबापू हार्डवेअरमध्ये आहेत

शेवटी कॉम्प्युटर सुरू झाला. टिंग असा आवाज आला, पडद्यावर निळं आकाश उगवलं आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण हे आत्ताच कळलं तर पुढं वाचायला कोण थांबणार? तेव्हा कॉम्प्युटर सुरू झालेला नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. टिंग झालं असेल तर ते शेजारच्या घरात. कॉम्प्युटर ठार बंद आहे, आणि त्याच्यासमोर ठोक्या उभा आहे, हातात करवत घेऊन.

ठोक्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण तो ज्या कारखान्यात कामाला होता, तिथं त्याचं खरं नाव घेतलं असतं तर लोकांनी "तो सोडून गेला वाटतं" असं सांगितलं असतं. कारखाना टेबलांचा. साध्या टेबलांचा नव्हे, कॉम्प्युटर ठेवायच्या टेबलांचा: खाली डब्याला कप्पा, मध्ये सरकता ट्रे, मागं वायरींना भोक. तिथला मालक त्याला "ए ठोक्या" म्हणायचा. घरी आई "मेल्या" म्हणायची. बायको "अरे ऐक ना" म्हणायची, आणि ते ऐकून झाल्यावर हमखास काहीतरी काम निघायचं. सबंध पृथ्वीच्या पाठीवर ठोक्याला 'अहो' म्हणणारं एकच घर होतं, ते म्हणजे सासुरवाडी. तिथं पाऊल टाकलं की सासरे म्हणायचे, "अहो जावईबापू, या!" आणि ठोक्याची पाठ रंध्यानं तासल्यासारखी सरळ व्हायची. हा 'अहो' ऐकायला तो दर रविवारी जायचा. चहा हे निमित्त. चहा तसा बेताचाच असायचा.

आता हा 'अहो' त्याला मिळाला कसा, ते सांगायला हवं, कारण तो ज्या कारणानं मिळाला त्याच कारणानं जाणार होता.

सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. नोकरी संपली तरी नजर संपली नव्हती. समोरचा माणूस उंच आहे की बुटका, हे त्यांना नंतर दिसायचं. आधी दिसायचं ते त्याच्याकडं तिकीट आहे की नाही. मुलीनं घरी सांगितलं की मुलगा कॉम्प्युटरच्या लाइनमध्ये आहे, तेव्हा त्यांनी ठोक्याला बोलावून समोर बसवलं आणि तपासणी सुरू केली.

"कॉम्प्युटरच्या लाइनमध्ये म्हणजे हार्डवेअर की सॉफ्टवेअर?"

ठोक्यानं प्रामाणिकपणे विचार केला. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या, चॅनेल हा सगळा माल कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून यायचा. सॉफ्ट म्हणजे तर मऊ. मऊ लाकूड खिळा धरत नाही.

"हार्डवेअर," तो म्हणाला. "सॉफ्ट मी वापरतच नाही. टिकत नाही ते."

सासरे पुढं सरकले. "आणि बिट? किती बिटवर काम करता?"

"बारीकसारीक कामाला सहा. मोठ्याला आठ. पण मी दहाचंही जवळ ठेवतो, कधी गरज पडेल सांगता येत नाही."

"दहा!" सासऱ्यांना बिट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण दहा म्हणजे आठापेक्षा जास्त हे ठाऊक होतं. "आणि ते ड्रायव्हर की काय म्हणतात, ते?"

"तो कायम खिशात असतो," म्हणून ठोक्यानं काढून दाखवला.

आता बघा, खोटं बोललं का कोणी? दोन सरळमार्गी माणसं समोरासमोर बसली होती. त्यांच्या मध्ये एक शब्द येऊन बसला, लबाड असेल तर तो. तपासनिसांनी तिकीट पाहिलं, टोचलं आणि परत दिलं. लग्न झालं.

"आमचे जावई, हार्डवेअर इंजिनिअर," अशी ओळख सासऱ्यांनी शेजारच्या काकूंना करून दिली, तेव्हा कुठं ठोक्याला कळलं की आपण भलत्याच गाडीत बसलोय. रात्री तो बायकोला म्हणाला, "सांगून टाकू या."

"सांगू की. बाबांचा मूड बघून," बायको म्हणाली.

पण तिकीट तपासनिसाचा मूड पाहून कोणी कधी काही कबूल केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा सांगणं राहिलं ते राहिलंच. ठोक्याही मग फार आग्रह धरेनासा झाला. 'अहो'ची सवय वाईट. एकदा लागली की सुटत नाही.

आणि एका रविवारी सकाळी त्या भागातल्या विजेला काय अवदसा आठवली कोणास ठाऊक. दाब एकदम चढला. सासऱ्यांच्या घरातल्या दिव्यांनी डोळे वटारले. पंखा हेलिकॉप्टर व्हायच्या बेतात आला. दाराची बेल आपणहून वाजली आणि सासऱ्यांनी दार उघडून, बाहेर कोणी नसताना, शिस्तीत विचारलं, "कोण पाहिजे?" मग कॉम्प्युटर 'टप्' असं म्हणाला आणि गप्प झाला.

सासऱ्यांनी लगेच फोन लावला. "अहो जावईबापू, कॉम्प्युटरनं मान टाकली. तुम्ही लगोलग या. आणि येताना हत्यारं आणा."

"कोणती?" ठोक्यानं विचारलं.

"तुमची नेहमीची!"

म्हणून ठोक्या नेहमीची घेऊन आला. करवत, रंधा, पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, फेविकॉलसारख्या दिसणाऱ्या गमाचा डबा आणि लाकडी हातोडी. रंधा घरीच ठेव, असं बायको जिन्यापर्यंत सांगत होती; पण घाबरलेला माणूस आपलं जे आहे ते घट्ट धरतो.

"तू काळजी करू नकोस," ती रिक्षात म्हणाली. "मी स्वयंपाकघरात बसते. फोनवर शोधते आणि हळूच तुला सांगते. तू फक्त गंभीर तोंड कर."

गंभीर तोंड ठोक्याला आयतंच झालं होतं.

दार उघडलं. घरात शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या घरातच ब्यूटी पार्लर चालवायच्या आणि त्यांच्या मांडीवर केस वाळवायचं बंद पडलेलं यंत्र होतं. त्यांच्यामागं वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, ते स्वतःचा टोस्टर घेऊन, पेशंटसारखे अंग चोरून बसलेले. सासऱ्यांनी सबंध इमारतीत वर्दी दिली होती.

"रांगेत, रांगेत!" सासरे म्हणत होते. "आधी आमचा कॉम्प्युटर, मग काकू, मग डॉक्टर. अहो जावईबापू, या! ही करवत कशाला?"

"लागते," ठोक्या म्हणाला.

"पाहा," सासरे डॉक्टरांना म्हणाले, "मुळापासून कापतात हे लोक."

ठोक्यानं कॉम्प्युटरकडं पाहिलं. कॉम्प्युटरनं काही पाहिलं नाही. ठोक्यानं पडद्यावर बोटानं टकटक केलं, काच बसवलीय का चिकटवलीय ते बघितलं. मग डब्याला कान लावला. आत पोकळ वाजत होतं. ते चांगलं की वाईट, हे त्याला माहीत नव्हतं. टेबलाच्या बाबतीत वाईट असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं मान बाहेर काढली आणि कुजबुजली, "केस उघड!"

ठोक्याचा हात डोक्याकडं गेला.

"अरे, केस! केस उघडून आतली धूळ काढायला सांगतायत!"

ठोक्यानं खोलीभर नजर फिरवली. सासऱ्यांना टक्कल. डॉक्टरांना जेमतेम. राहता राहिल्या काकू, त्यांच्या डोक्याला पंचा गुंडाळलेला. "काकू," तो शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाला, "जरा केस सोडता का?"

"इश्श! ते कशाला?"

"धूळ बघायचीय."

काकूंनी संतापानं डोळे मोठे केले. "माझ्या केसात धूळ? सकाळीच धुतलेत मी! म्हणून तर हे यंत्र वाळवायला लावलं आणि..."

"काकू, सहकार्य करा," सासरे म्हणाले. "तज्ज्ञ आहेत ते. स्थिर वीज असते केसांत. मी वाचलंय."

काकूंनी नाइलाजानं पंचा सोडला. ठोक्यानं लांबूनच पाहिलं, "धूळ नाही," असा निर्वाळा दिला आणि डॉक्टरांनी सवयीनं मान डोलावली. स्वयंपाकघरात बायकोनं कपाळावर हात मारलेला ऐकू आला; तिचा 'केस' म्हणजे कॉम्प्युटरचा डबा होता.

आता सगळ्यांच्या नजरा ठोक्यावर. सासऱ्यांचे डोळे जरासे बारीक झाले होते. ही नजर ठोक्या ओळखत होता. गाडी बोगद्यात शिरते आणि डब्याच्या टोकाला काळा कोट दिसतो, त्या वेळची नजर. पुढच्या प्रश्नाला 'अहो' असेल की नसेल, याचा भरवसा उरला नव्हता. जीव लपवायला जागा शोधावी म्हणून ठोक्या खाली वाकला आणि थेट टेबलाखाली शिरला.

आणि तिथं, भुसा दाबून केलेली टेबलाची फळी पाहून, त्याचं डोकं फिरलं.

"हे कोणी केलंय?" टेबलाखालून आवाज आला. असा आवाज सासऱ्यांनी जावयाचा कधी ऐकला नव्हता. "लाज नाही वाटली? चिपबोर्ड!"

"चिपबोर्ड," सासरे डॉक्टरांना म्हणाले. "म्हणजे ज्या बोर्डावर चिप असते तो. बोला, जावईबापू!"

"पाणी प्यालाय हा! कडेनं फुगलाय नुसता!"

"चिपच्या बोर्डात पाणी," सासरे हळहळले. "मी म्हणत होतो, तिथं फुलदाणी ठेवू नका."

"मागचा पॅनल सुटलाय. स्क्रू आहेत चार आणि धरतोय एक. आणि इथं पाचर मारलीय, पाचर! वर्तमानपत्राची!"

"मीडिया पण अडकलाय आत," डॉक्टर काळजीनं म्हणाले.

"मग यावर उपाय काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळं मोकळं करावं लागेल. आधी वरचं सामान उचला!"

हुकूमच तो. बघता बघता सगळे कामाला लागले. वायरी उपटल्या गेल्या. पडदा पलंगावर गेला. डबा डॉक्टरांच्या कडेवर गेला आणि डॉक्टर बराच वेळ त्याची नाडी धरून उभे राहिले. ठोक्यानं टेबल उताणं केलं, बाह्या वर केल्या आणि पुढं काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. भीती गेली, सासरे गेले, इमारत गेली. राहिलं फक्त लाकूड. त्यानं पाचर उपटली, लाकडी पाय काढून, तासून, गुण्याला लावून पुन्हा बसवले, फुगलेली कड तासली, गम लावला, पॅनल आवळला. ट्रे ज्यावर सरकतो तो चॅनेल काढून, सासूबाईंकडून मेणबत्ती मागून घेऊन घासला. रंध्यातून लाकडाच्या अशा काही सुंदर वळ्या निघाल्या की काकूंनी त्यातली एक उचलून केसाला लावून पाहिली.

टेबल पुन्हा उभं राहिलं. ठोक्यानं त्यावर तळहात ठेवून हलवलं. हललं नाही. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"झालं," तो म्हणाला.

सगळ्यांनी सामान जागेवर ठेवलं, वायरी ज्या भोकात जातील त्या भोकात घातल्या. सासऱ्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग ते दाराची बेल दाबावी तसं दाबत सुटले.

"जावईबापू," ते म्हणाले. 'अहो' नव्हतं. ठोक्यानं नीट ऐकलं होतं. नव्हतं.

तो पुन्हा टेबलाखाली शिरला. आता कामासाठी नव्हे, नुसताच. तिथं भिंतीच्या बाजूला, वायरी जोडायचा एक्स्टेन्शन बोर्ड होता, आणि त्या बोर्डाच्या अंगावर एक लहानसं लाल बटण बोटाच्या पेराएवढं वर आलं होतं. विजेचा दाब वाढला की असं बटण स्वतःहून उडतं आणि पुढचा प्रवाह तोडतं. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, सासऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ठोक्याला तर मुळीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की सपाट जागेवर काहीतरी डोकं वर काढून बसलंय. खिळ्याचं, स्क्रूचं, कशाचंही डोकं असं वर आलेलं त्याला बघवत नसे. त्यानं लाकडी हातोडी घेतली आणि सवयीनं, फार जोर न लावता, ठोकलं. वर सासऱ्यांचं बोट अजून कॉम्प्युटरच्या बटणावरच होतं.

टिंग.

निळं आकाश उगवलं. टाळ्या वाजल्या. (हे आधी कुठं ऐकल्यासारखं वाटलं तर तो निव्वळ योगायोग.)

"वा!" काकू म्हणाल्या. "एका ठोक्यात!"

"हार्डवेअरचं असंच असतं," डॉक्टर म्हणाले. "आमच्यात औषधं देतात, यांच्यात सरळ ऑपरेशन." आणि त्यांनी टोस्टर पुढं केला.

सासरे मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते खुर्चीवर बसले होते आणि ट्रे बाहेर ओढत होते. ट्रे लोण्यासारखा आला. आत ढकलला. लोण्यासारखा गेला. इतकी वर्षं तो ट्रे ओढताना त्यांच्या बोटांची सालटं निघायची. त्यांनी ट्रेकडं पाहिलं, भुशाकडं पाहिलं, रंध्याकडं पाहिलं आणि मग, अगदी सावकाश, ठोक्याकडं पाहिलं.

"काकू, डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर बसा," ते म्हणाले. "आमची घरगुती तपासणी आहे."

दार लागलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. सासूबाई मागोमाग.

"हा ट्रे कोणी केला?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी," ठोक्या म्हणाला.

"आणि कॉम्प्युटर?"

ठोक्यानं हातोडीकडं पाहिलं. हातोडीनं जबाबदारी घेतली नाही.

"बाबा, मी टेबलं करतो," तो म्हणाला. "कॉम्प्युटरची. कॉम्प्युटर वर असतो, मी खाली."

"आणि हार्डवेअर?"

"बिजागऱ्या, स्क्रू, कड्या."

"बिट?"

"ड्रिलचं. सहा नंबर, आठ नंबर."

"आणि दहा?"

"जाड लाकडाला."

सासऱ्यांनी हाताची बोटं उघडली. मग स्वतःशीच मोजल्यासारखे बोलू लागले. "म्हणजे खोटं एक अक्षर नाही. लाइन खरी, बिट खरं, ड्रायव्हर तर प्रत्यक्ष दाखवला. माझ्या अख्ख्या नोकरीत विनातिकीट पाहिले, जुनं तिकीट पाहिलं, दुसऱ्याच्या पासवर बसलेले पाहिले. पण तिकीट अगदी खरं आणि गाडीच वेगळी, असा प्रवासी नाही पाहिला."

"बाबा, चूक माझी आहे," बायको म्हणाली. "मीच म्हटलं होतं, मूड बघून सांगू."

"मला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"तुला?" सासरे उडालेच. "कसं?"

"पोरगा बघायला आला, चहाचा कप हातात दिला, तर पिण्याआधी टेबल हलवून बघत होता. आणि जाताना पायमोज्यातून भुसा गळत गेला जिन्यापर्यंत. झाडला कोणी? मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा कॉम्प्युटर काय, बिघडून बिघडून वर्षातून एकदा बिघडणार. घरातली दारं रोज घासतात."

सासऱ्यांनी पुन्हा ट्रे ओढला. लोणी. त्यांच्या चेहऱ्यावरचा काळा कोट हळूहळू उतरला. सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं.

"अरे," सासरे म्हणाले.

ठोक्यानं डोळे मिटले.

"अरे, मग इतके दिवस तोंड शिवून का बसला होतास? ते कपाटाचं दार बघ, वीतभरच उघडतं. आणि पलंगाचा डावा पाय. आणि न्हाणीघराची कडी, ती तर आतून लागली की बाहेरूनच उघडावी लागते. हो की नाही गं? चल, ये इकडं!"

गेला. 'अहो' गेला आणि त्याच्या जागी 'अरे' आला, आणि 'अरे'च्या पाठोपाठ कपाट, पलंग, कडी अशी रांग लागली. बायकोनं आनंदानं ठोक्याचा हात दाबला. "बघ, रागावले नाहीत! आपलं मानलं तुला त्यांनी!"

"ते कळलं," ठोक्या म्हणाला. "पण आपलं मानल्यावर चहा पण मिळणार ना?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. डॉक्टर टोस्टरसकट. त्यांच्यामागं काकू, आणि काकूंच्या मागं, तोपर्यंत बातमी पसरल्यामुळं, जिन्याच्या वळणापर्यंत माणसं: इस्त्री, मिक्सर, एक बोलकी बाहुली, एक बंद पडलेली दारावरची बेल.

सासऱ्यांनी रांगेकडं पाहिलं, ठोक्याकडं पाहिलं, आणि छाती पुढं काढली. चारचौघांत मात्र तिकीट फाडायचं नाही, हा त्यांच्या खात्याचा जुना रिवाज होता.

"अहो जावईबापू," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "लोक खोळंबलेत. घ्या हातोडी." आणि कानाशी येऊन, हळूच, "अरे, टोस्टर झाला की पलंगाचा पाय."

त्या रविवारपासून ठोक्या बाहेरच्या खोलीत 'अहो' असतो आणि आतल्या खोलीत 'अरे'. मधल्या उंबऱ्यावर तो नेमका कोण असतो, यावर घरात एकमत नाही. टोस्टर ठोकल्यावर अजून सुरू झालेला नाही, पण डॉक्टर म्हणतात, सुधारणा दिसतेय.

सबब, संबंधित वीज कार्यालयास या अर्जाद्वारे विनंती करण्यात येते की, विषयांकित दाबवाढीमुळे अर्जदार ठोक्या याच्या मालकीचा, सुस्थितीतील, आतल्या खोलीत वापरावयाचा एक नग 'अहो' कायमचा निकामी झाला असून, तो तपासून, दुरुस्त करून अथवा त्याच बनावटीचा नवीन नग मंजूर करून, अर्जदाराच्या सासऱ्यांच्या तोंडी मूळ जागी बसवून द्यावा. आणि यापुढे दाब वाढवणे कार्यालयास अगदीच अपरिहार्य झाल्यास, तो रविवार वगळून आणि जावयाची पूर्वसंमती घेऊनच वाढवण्यात यावा.